तण काढणारे पाहुणे: वालपाराई वर्षावन प्रकल्प नोंदी, 2023-24

19 मे 2023

शुल्क भरून तण काढायला आणि रोपं लावायला येणाऱ्या पाहुण्यांची पहिली तुकडी यायच्या आधी जागा बघून घेतली. तमिळनाडूतलं वालपाराईचं पठार साधारण 220 चौरस किलोमीटर. बहुतेक सगळा चहा, थोडी कॉफी, थोडा वेलदोडा आणि मध्ये मध्ये मूळ वर्षावनाचे उरलेले तुकडे. सभोवती अनामलाई व्याघ्र प्रकल्प, पलीकडे केरळ. 1890 च्या दशकात इथे मळे पडायला लागले, त्याआधी हे सगळं एकच जंगल होतं.

आमचा प्लॉट अशाच एका तुकड्याच्या कडेला. जमीन मळ्याची, त्यामुळे परवानगी मळ्याची. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत पाऊल टाकायचं तर वनखात्याची वेगळी. पहिल्याच पानावर लिहून ठेवतोय, कारण येणारा प्रत्येक जण ‘आत कधी जायचं’ हे विचारतोच.

वर चार-पाच जुनी झाडं, त्यांत एक धूप. खाली घाणेरी, डोक्याच्या वर गेलेली. कधीकाळी कोणी निलगिरी लावून तोडलेली, तिचे फुटवे अजून येताहेत. जिथे ऊन पोचतं तिथे मायकेनियाचा वेल सगळ्यावर चढलेला.

पद्धत आमची नाही. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या निसर्गसंवर्धन संस्थेची मंडळी वीसहून जास्त वर्षं इथल्या मळ्यांबरोबर हे काम करताहेत, त्यांनीच ती बसवली. तण काढायचं, मूळ जातींची मिश्र रोपं पावसाच्या तोंडावर लावायची, आणि पुढची दोन-तीन वर्षं तण काढत राहायचं. यातला शेवटचा भाग ऐकताना लोक मान डोलावतात आणि विसरून जातात.

24 मे

दिवसभर रोपवाटिकेत. नर्सरीचे अण्णा मोजकं बोलतात आणि तेही तमिळमध्ये. माझं तमिळ जेवणाखाण्यापुरतं. तरी काम अडलं नाही.

बी कुठून आणायचं याचा नियम कडक आहे. जंगलाच्या आत पडलेलं बी उचलायचं नाही, ते तिथल्या मातीचं आणि उंदरांचं. रस्त्यावर, डांबराच्या कडेला, जिथे ते गाडीखाली जाणार किंवा गटारात कुजणार, तिथलंच वेचायचं. दुसरा साठा उदमांजराचा. इथलं तपकिरी उदमांजर फक्त पश्चिम घाटात सापडतं. रात्री फळं खातं आणि बिया वाटेवरच्या दगडावर किंवा आडव्या पडलेल्या खोडावर सोडून जातं. अण्णांनी विष्ठेचा वाळका गोळा हातावर फोडून दाखवला: आत तीन जातींच्या बिया, धुतल्यासारख्या स्वच्छ. निम्मं काम त्यानेच केलेलं.

हे बी साठवता येत नाही ही मोठी अडचण. आपल्याकडे बाभळीचं बी डब्यात घालून ठेवलं तरी पुढच्या वर्षी रुजतं. वर्षावनातल्या बऱ्याच झाडांचं बी थोडं सुकलं की मेलं. पडलं की वेचायचं, वेचलं की पेरायचं. म्हणून रोपवाटिका बारा महिने चालते, आणि शंभराहून जास्त जातींची रोपं एका वेळी वेगवेगळ्या वयाची असतात. नागकेशराची कोवळी पानं आत्ता लालभडक आहेत. नवीन माणूस ती बघून रोप वाळलं म्हणतो.

3 जून

पहिली तुकडी आली. कोइंबतूरपर्यंत रेल्वे, पोल्लाचीहून एसटीसारखीच खडखडणारी सरकारी बस, आळियार धरण सोडलं की घाटातली 40 हेअरपिन वळणं. प्रत्येक वळणाला क्रमांकाची पाटी. तिघांना बस लागली. नवव्या वळणापाशी नीलगिरी ताहर, म्हणजे इथले रानबकरे, रस्त्याच्या कठड्यावर उभे होते म्हणे, पण ज्यांनी पाहायचे त्यांची डोकी पिशवीत.

तुकडीत नाशिकच्या कॉलेजातली दोघं, ठाण्याच्या एक ताई, सांगलीचे बँकेतून निवृत्त झालेले काका, आणि पुण्याचा एक मुलगा जो ‘डिजिटल डिटॉक्स’साठी आलाय आणि आल्या आल्या वायफाय विचारतोय.

संध्याकाळी सूचना: अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही. मळ्याच्या उंचवट्यांवर खांबांवर लाल दिवे आहेत. आसपास हत्ती असले की मोबाइलवरून ते चालू करतात. शिवाय लोकांच्या फोनवर मेसेज जातो, गावच्या केबल टीव्हीवर खाली पट्टी फिरते. इथे हत्तीमुळे झालेले बरेचसे मृत्यू असे, की समोर हत्ती आहे हे माणसाला ठाऊकच नव्हतं. काकांनी वहीत लिहून घेतलं. बाकीच्यांनी दिव्याचा फोटो काढला.

5 जून

पर्यावरण दिन. सगळ्यांना आज रोप लावायचं होतं. कोरड्या मातीत लावून मारायची का? त्याऐवजी कोयते दिले.

घाणेरी काढणं दिसतं तेवढं आडदांड काम नाही. मळ्याच्या लाइनीत, म्हणजे मजुरांच्या चाळीत राहणाऱ्या दोन अक्का रोजंदारीवर आमच्यासोबत आहेत, त्यांनी दाखवलं. आधी बसायचं, झुडपाच्या खाली डोकं घालायचं, हाताने पाचोळा बाजूला करायचा. ‘पारुंग’ (बघा) म्हणत मोठ्या अक्कांनी नाशिकच्या मुलीचं मनगट धरून थांबवलं. कोयत्यापासून वीतभर अंतरावर दोन पानांचं रानजायफळाचं रोप होतं, देठ काडीएवढा, एका पानावर अळीने केलेली नागमोडी रेघ. घाणेरीच्या सावलीत ते आपोआप आलेलं, कोणी न लावता. अशा प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून लाल फीत बांधायची, मगच कोयता चालवायचा. दुपारपर्यंत फिती संपल्या. काकांनी आपला लाल रुमाल फाडून दिला.

ताई म्हणाल्या, यंत्राने एका दिवसात झालं असतं. झालं असतं, फितीसकट.

घाणेरी मुळासकट उपटायची. कापलेली जोमाने फुटते. मायकेनियाचा तुकडा पेरापेरावर मूळ धरतो, म्हणून तो गोळा करून उंचावर वाळवायचा. वेल उपटून ओल्या मातीवर टाकला तर ते उपटणं नव्हे, लागवडच.

9 जून

काल केरळात मान्सून आल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं, आठवडाभर उशिराने. इथे नुसते ढग. खड्डे तयार, रोपं तयार. वालपाराईला वर्षाला साधारण 3500 मिलिमीटर पाऊस, त्यातला 70 टक्के जून ते सप्टेंबरात. आकडे तोंडपाठ आहेत, पाऊस नाही.

चहा पिता पिता ताईंनी बोर्निओचा अनुभव सांगितला. त्या सबाहमध्ये सेपिलोकला जाऊन आल्यात. तिथे ओरांगउटानांना खाऊ घालायचा चौथरा आहे, ठरलेल्या वेळी पाहुणे जमतात, प्राणी आला तर आला. ‘तिथे निदान आला तरी. इथे गेले इतके दिवस मी घाणेरीच बघतेय.’ त्यांचं चूक नाही. वर्षावनात जनावर सहज दिसत नाही. कान्हा-ताडोबाची सवय असलेल्यांना हे जड जातं. आवाज मात्र भरपूर. पहाटे शीळकरी कस्तूर घराच्या मागेच शीळ घालतो, आणि काकांनी तो चांदोलीत ऐकल्यामुळे लगेच ओळखला. तेवढ्यावरून त्यांचा भाव वधारला.

17 जून

पाऊस लागला आणि जळवा आल्या. एवढंच लिहून सोडणार होतो, पण तुकडीचा दिवस याच विषयात गेला.

पाचोळ्यावर, पानाच्या टोकावर उभी राहते, सुतळीच्या धाग्याएवढी, आणि उबेच्या दिशेने डोलते. बुटावर चढली की शिवणीतून आत. चावलेलं कळत नाही, कळतं ते मोजा ओला लागल्यावर. तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही, त्यामुळे ती गळून पडल्यावरही तासभर रक्त येत राहतं. ओढून काढायची नाही, नखाने बाजूने सरकवायची. मळ्यातल्या बायका पायाला तंबाखूचं पाणी लावतात. आम्ही गुडघ्यापर्यंतचे जाड कापडी मोजे देतो, त्यावर दिसली तर टिचकीने उडवायची. पुण्याच्या मुलाने मीठ आणलं होतं, ते पावसात खिशातच विरघळलं.

25 जून

सुट्टी. पुदुतोट्टमला सिंहपुच्छ वानरं बघायला गेलो. हे वानर फक्त पश्चिम घाटात, उत्तरेला कर्नाटकातल्या शरावती खोऱ्यापर्यंतच. आपल्या सह्याद्रीत नाही. खरं तर झाडाच्या शेंड्यावरून न उतरणारा प्राणी. इथे जंगलाचा तुकडा गावाला आणि रस्त्याला टेकलेला, म्हणून जमिनीवर येतो, रस्ता ओलांडतो. रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या झाडांना जोडणारे झुलते पूल बांधलेत, जुन्या अग्निशामक पाइपांचे. एक मादी पिलाला पोटाशी घेऊन वरून गेली. खाली गाड्या थांबलेल्या. वानरांवर लक्ष ठेवणारा माणूस शिट्टी वाजवत होता.

आणि मग एका गाडीची काच खाली झाली, हातात बिस्किटाचा पुडा. रखवालदार धावला. त्याच्याआधी काका पोचले आणि त्यांनी अस्सल सांगली मराठीत जे ऐकवलं ते त्या तमिळ कुटुंबाला शब्दशः कळलं असणार. काच वर गेली.

परत येताना ताई गप्प होत्या. नंतर म्हणाल्या, त्या माणसाला दिवसभर शिट्टी वाजवायचे किती मिळतात? मला माहीत होतं, सांगितलं. त्यावर पुढे चर्चा झाली नाही.

6 जुलै

लागवड. तीन दिवस झोडपणारा पाऊस, आज रिपरिप. लावायला याहून चांगला दिवस नाही. दुसरी तुकडी आलीय, काका पहिल्या तुकडीतले असून राहिलेत.

रोप उतारावर न्यायचं तर घमेल्यात उभं, हातात देठाने धरून नाही. पिशवी ओढून काढायची नाही, ब्लेडने उभा छेद द्यायचा, मातीचा गोळा अखंड खड्ड्यात बसला पाहिजे. माती दाबायची तळव्याने, बुटाने नाही. बाजूला बांबूची काठी आणि नंबराचा पत्रा. शेजारी शेजारी एकाच जातीची दोन रोपं नकोत: रुद्राक्षाच्या जातीतलं एक, मग जांभळाच्या, मग धूप, मग गुलंब. जंगलात ती अशीच मिसळलेली असतात. काळी पिशवी खिशात घालायची. संध्याकाळी पिशव्या मोजतो, रोपं तेवढ्याच पिशव्या. आज दोन कमी भरल्या, टॉर्च घेऊन शोधून आणायला लावल्या. माझ्याविषयी काय बोलले ते ऐकू आलं.

एक चांगलं झालं. लाल फितीवाली आपसूक आलेली रोपं लागवडीच्या आड आली, तेव्हा मुलांनी विचारलं नाही, खड्डा सरकवला.

8 जुलै

पाऊस. काम बंद. चुक्कु कापी (सुंठीची कॉफी), पत्ते.

19 जुलै

एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयातून फोन. पंधरा ऑगस्टला बस भरून माणसं आणायचीत, प्रत्येकाच्या हातून एक रोप, टी-शर्ट आणि बॅनर त्यांचे, दुपारी जेवून परत. पैसे चांगले देत होते.

आम्ही म्हटलं, लागवड झाली. ऑक्टोबरात या, चार दिवस राहा, तण काढा. पलीकडून प्रश्न आला, तण काढण्याचा फोटो कसा दिसेल? त्यानंतर फोन नाही.

रोप लावायला एक मिनिट लागतं. ते जगणार की नाही हे पुढच्या पावसाळ्यांत ठरतं, जेव्हा घाणेरी आणि मायकेनिया त्याच्यापेक्षा दसपट वेगाने वाढतात आणि बघायला कोणी नसतं. याच पठारावरच्या, 7 ते 15 वर्षांपूर्वी लागवड करून राखलेल्या जागा आणि तशाच सोडून दिलेल्या जागा शास्त्रज्ञांनी मोजल्या. 2019 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. राखलेल्या जागी सावली, मूळ झाडांच्या जाती आणि साठलेला कार्बन, तिन्ही जास्त. मोठ्या जंगलापासून तुकडा जितका दूर, तितका हा फरक मोठा. म्हणजे जिथे बी आणून टाकायला पक्षी-जनावर पोचत नाही, तिथे माणसाने पोचायला हवं, आणि पुन्हा पुन्हा. फोन करणाऱ्या बाईंना हे पाठवलं होतं. त्यांनी अंगठा दाखवला.

1 सप्टेंबर

हवामान खात्याने म्हटलंय की 1901 पासूनचा हा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. आमच्या उतारावर माती भेगाळली नाही, पण वरची दोन बोटं भुरभुरीत झाली. उघड्या जागेतली रोपं माना टाकून. जुन्या धुपाच्या छायेतली ठीक. उपटलेल्या घाणेरीचा वाळलेला पालापाचोळा प्रत्येक रोपाभोवती घातला, खोडाला न टेकवता. पाणी डोक्यावरून आणायचा प्रस्ताव नाशिकच्या मुलाने मांडला होता (घरी गेलाय, फोनवरून प्रस्ताव मांडतो). एवढ्या उतारावर ते जमत नाही.

बाकी महिना कलेनियाच्या झाडाचा. फळ फणसासारखं काटेरी पण चेंडूएवढं, ड्युरियनच्या कुळातलं. याची फुलं खोडाला आणि फांद्यांनाच लगडतात, आणि सिंहपुच्छ वानर फुलं आणि फळं दोन्ही खातं. वाटेवर रोज सकाळी फोडलेल्या सालींचा सडा. त्यातून राहिलेलं बी अण्णा वेचतात, त्याच दुपारी पेरतात.

14 ऑक्टोबर

तण-तुकडी. जूनसाठी नावनोंदणी दोन दिवसांत भरते, ही भरायला दीड महिना लागला. काका आहेतच. ताई पुन्हा आल्या, हे अनपेक्षित होतं.

जूनमध्ये साफ केलेला प्लॉट ओळखू येईना. मायकेनिया रोपांच्या काठ्यांवर चढून वरून गुंडाळलेला. पत्र्याचे नंबर शोधायला हात आत घालावा लागतो. वेल ओढायचा नाही, रोप मोडतं. काठीच्या बुडाशी कापायचा आणि वरचा तसाच वाळू द्यायचा. हे अक्कांनी एकदा दाखवलं आणि ताईंनी नव्या मुलांना दिवसभर दाखवलं, तेही मोडक्या तमिळमध्ये. लाइनीत त्यांना आता ‘टीचर अक्का’ म्हणतात.

रोबस्टा कॉफीची रोपं सगळीकडे उगवलीत. कॉफीचं लाल फळ उदमांजर खातं आणि जंगलात आणून टाकतं. मे महिन्यात ज्याचं कौतुक लिहिलं तोच हा. उपटायला सोपी, म्हणून मुलांना ती आधी सुचतात. आज सांगितलं, आधी वेल.

6 डिसेंबर

महाधनेश. सकाळी पंखांचा आवाज आधी आला, वाफेच्या इंजिनासारखा, मग दोन पक्षी डोक्यावरून मेसोप्सिसच्या झाडावर. मुलांना उड्या मारायच्या होत्या, मारू दिल्या.

मग अण्णांनी सांगितलेली गोष्ट मराठीत करून सांगितली. मेसोप्सिस आफ्रिकेतलं झाड, कॉफीला सावली म्हणून आणलेलं, भराभर वाढतं. धनेश त्याची फळं आवडीने खातो आणि बी जंगलभर पोचवतो. म्हणजे ज्या पक्ष्याला बघायला लोक इतक्या लांब येतात, तोच हे परकं झाड पसरवतोय. मोठी झाडं एकदम तोडली तर छत उघडं पडतं आणि खाली घाणेरी येते. शिवाय मूळ फळझाडं मोठी होईपर्यंत धनेशाने खायचं काय? आमचं धोरण: छोटी रोपं उपटायची, मोठी तूर्त राहू द्यायची. नाशिकच्या मुलीला हे पटलं नाही. वाद जेवणापर्यंत चालला आणि तिचे मुद्दे कच्चे नव्हते.

18 जानेवारी 2024

मोजणी संपली. दोघा-दोघांच्या जोड्या: एक जण उंची आणि बुंध्याची जाडी मोजतो, दुसरा लिहितो. मेलेल्या रोपाचीही नोंद करायची, पत्रा काढून डब्यात टाकायचा. नवी मुलं मेलेलं रोप लिहायला कचरतात, ‘अजून थोडं हिरवं आहे’ म्हणतात. नखाने साल खरवडून बघायची, आत हिरवं नसेल तर मेलं.

सावलीतली बहुतेक उभी. उघड्या उतारावरची ऑगस्टने खाल्ली, तिथे डबा पत्र्यांनी वाजतोय. गुलंब टिकला, रानजायफळ उन्हात अजिबात नाही. फीत बांधलेली आपसूक रोपं लावलेल्यांपेक्षा तगडी. पुढच्या पावसाळ्यात उघड्या भागात आधी चांदाडा आणि उन्हाला भिडणाऱ्या इतर जाती. नाजूक मंडळी त्यांच्या सावलीत, दोन वर्षांनी.

2 फेब्रुवारी

पुढच्या हंगामाचं वेळापत्रक मळ्याच्या व्यवस्थापकांना दिलं. यंदा बदल असा: जूनमध्ये ज्याला यायचंय त्याने आधी ऑक्टोबर करायचा. नाव नोंदवताना हे कळल्यावर अर्धे गळणार, चालेल. अक्कांची रोजंदारी वाढवायची, पैसा पाहुण्यांच्या शुल्कातून. लाल फितीचे गठ्ठे पोल्लाचीहूनच आणायचे, इथे महाग.

काकांचा फोन होता. ऑक्टोबरला दोन जागा धरून ठेवा म्हणाले, यंदा काकूही येताहेत. काकूंची एकच अट आहे, जळवा नकोत. ऑक्टोबरात जळवा असतात हे काकांना चांगलं ठाऊक आहे, तरी ते काकूंना मी सांगावं असं त्यांचं म्हणणं आहे.